मीरा रोडची टपरी, उत्तनचा वारा

विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात खिडकी मिळणं ही नशिबाची गोष्ट! पण कधी मिळालीच, तर दहिसर सुटल्यावर बाहेर जरूर बघा. मुंबईची हद्द इथे संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. इतका वेळ गाडीला खेटून उभ्या असलेल्या इमारती जरा मागे सरतात, तिवरांची काळपट हिरवी झाडी दिसते, खाऱ्या दलदलीचा वास येतो, आणि डोळ्यांना बरं वाटतंय न वाटतंय तोच पुन्हा इमारतींचं रान सुरू होतं. हे आलं मीरा रोड. पुढचं स्टेशन भाईंदर. भाईंदर मागे पडलं की वसईच्या खाडीवरचा लांबच लांब पूल.

ह्या दोन स्टेशनांच्या दोन्ही अंगांना पसरलेलं शहर म्हणजे मीरा-भाईंदर. तुमच्यापैकी कितीतरी जणींची बहीण, नणंद नाहीतर मैत्रीण इथे राहत असेल. गिरगाव-दादरची चाळीतली खोली सोडून, 'लहान का होईना, पण स्वतःचा ब्लॉक' म्हणत माणसं इकडे आली. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे. मिठागरांचं आणि कोळीवाड्यांचं गाव बघता बघता मोठं शहर होऊन बसलं.

हे शहर आज मी तुम्हाला जरा वेगळ्या वाटेनं दाखवणार आहे. किल्ला, समुद्र, सुकत घातलेले बोंबील हे सगळं येईलच. पण वाट धरायची आहे ती तंबाखूची. ती कुठे भेटते, घरात कशी शिरते, आणि मुख्य म्हणजे ती सोडायची म्हटलं तर इथल्या माणसाला एक पैसाही न मोजता मदत कुठे मिळते, हे बघत बघत आपण जाऊ या. सकाळच्या चहाच्या कपाबरोबर ज्यांना राखेची बशीही विसळावी लागते, त्यांनी तर हे वाचावंच. आणि ज्यांच्या मोरीच्या फळीवर मशेरीची डबी आहे त्यांनीही!

स्टेशनबाहेरची टपरी

सकाळी सातला मीरा रोड स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. रिक्षा येतात, माणसं ओततात आणि वळतात. हातात डबा, खांद्याला पिशवी, नजर घड्याळाकडे. इथून चर्चगेट सुमारे चाळीस किलोमीटर. जाता-येता मिळून दोन-अडीच तास, तेही बहुधा उभ्यानं. पण एवढ्या घाईतही काही पावलं टपरीशी थांबतातच. गाडीत ओढता येत नाही, कचेरीत ओढता येत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान करायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि ती मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मग हिशेब ठरून जातो. गाडीआधी एक, उतरल्यावर एक, जेवण झालं की खाली जाऊन एक, आणि रात्री घरी आल्यावर गॅलरीत एक-दोन.

ह्या गॅलरीतल्या एक-दोनचा आपल्याला फार दिलासा वाटतो. 'आमचे हे मुलांसमोर ओढत नाहीत हो, गॅलरीत जातात!' पण दोन खोल्यांच्या घरात गॅलरी ती किती लांब? दार उघडलं की वाऱ्याबरोबर धूर आत येतोच. कपड्यांना, पडद्यांना, अंथरुणाला तो चिकटतो. अशा घरातल्या लहान मुलांना दमा, न्यूमोनिया, कानाची दुखणी जास्त होतात, हे आता पक्कं ठाऊक झालेलं आहे. आपण स्वतः कधी सिगारेट हातात धरली नाही तरी आपल्या फुप्फुसाला आणि हृदयाला त्याचा त्रास होतोच.

आणि पैशाचं काय? माझ्या-तुमच्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांना हा हिशेब चटकन कळेल. दिवसाला दहा सिगारेटी आणि एकीला पंधरा रुपये धरा. दिवसाचे दीडशे, महिन्याचे साडेचार हजार, वर्षाचे चोपन्न हजार सातशे पन्नास! ब्लॉकचा हप्ता भरताना ज्या घरात भाजीची जुडी घासाघीस करून घेतली जाते, त्याच घरातून एवढे पैसे धुरावाटे जातात.

आता रूळ ओलांडून भाईंदर पूर्वेला चला. इथे स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तुमच्या मांडणीवरचा एखादा डबा किंवा तांब्या इथूनच आलेला असण्याचा संभव आहे, बरं का! यंत्राशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे दोन्ही हात कामात, त्याला सिगारेट कशी जमणार? मग तळहातावर चुना-तंबाखू मळायची आणि चिमूट गालात धरून ठेवायची. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्याला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला रिकाम्या पुड्या दिसतातच.

ह्या दोन चित्रांत मोठं कोणतं, असं विचाराल तर दुसरं. २०१६–१७ साली सरकारनं देशभर जी पाहणी केली, तीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. एकूण प्रौढांत ओढणारी फक्त ३.८ टक्के, आणि चघळणारी, दातांना लावणारी २४.४ टक्के. म्हणजे धूर दिसतो म्हणून आपण सिगारेटवर बोलतो आणि खरा पसारा डब्या-पुड्यांत लपून राहतो. त्यात बायकाही आल्या.

पोर्तुगीजांची देणगी

भाईंदरच्या पश्चिमेला डोंगरी, चौक, उत्तन ही जुनी गावं आणि पूर्वेकडे खाडीकाठी घोडबंदर. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि चौकचा धारावी किल्लाही. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ ह्या काळात, चिमाजी अप्पांच्या फौजेनं धारावीसाठी निकराची झुंज दिली आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर ह्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं राज्य संपलं. राज्य गेलं, पण त्यांनी आणलेल्या कितीतरी वस्तू आपल्याकडे राहून गेल्या. मिरची राहिली, बटाटा राहिला, काजू राहिला, आणि तंबाखूही राहिली. तंबाखू हा शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलेला.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या सरदारानं विजापूरहून तंबाखू आणि नक्षीदार हुक्का नेऊन अकबर बादशहापुढे ठेवला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखू ओढायला बंदी घातली. तेव्हापासून आजपर्यंत बंद्या होतायत आणि माणसं ओढतायत! केवळ हुकुमानं ही गोष्ट सुटत नाही, हे चारशे वर्षांपूर्वीच दिसलेलं आहे.

मग सुटत का नाही?

'मनावर घेतलं तर उद्या सोडतील!' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कधीतरी उच्चारलेलं असतं. पण तंबाखूत निकोटीन असतं. झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं, बरं वाटतं, आणि थोड्या वेळानं ते उतरलं की मेंदू पुन्हा मागणी करतो. रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की शरीरालाच त्याची सवय लागते. सोडणारा माणूस चिडतो, त्याला झोप लागत नाही, डोकं दुखतं, कशात लक्ष लागत नाही, भूक वाढते. हा त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो, शरीर कुरकुरत असतं. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. हे आधीच माहीत असलं ना, तर घरातली निम्मी भांडणं टळतात.

'विडी बरी, ती पानाची असते', 'फिल्टरची बरी', 'नुसती मशेरीच तर लावते' ह्या समजुतींना मात्र काही अर्थ नाही. विडीतून निकोटीन आणि डांबर सिगारेटीपेक्षा कमी जात नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीवाटे रक्तात जाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते.

फुकटचा फोन

आता कामाची गोष्ट. सिगारेटच्या पाकिटावर किंवा तंबाखूच्या पुडीवर ते भयंकर चित्र असतं ना, ज्याच्याकडे आपण बघवत नाही म्हणून बघत नाही, त्याच्याजवळच एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो पाकिटांवर छापणं सक्तीचं आहे. ही केंद्र सरकारची तंबाखू सोडवणारी दूरध्वनी सेवा. ३० मे २०१६ रोजी ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेत सुरू झाली आणि २०१८ पासून मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातूनही चालते. फोनला पैसे पडत नाहीत, सल्ल्याला पडत नाहीत. मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८ अशी वेळ, सोमवारी सुट्टी. मराठीत बोलता येतं.

फोनवर काय होतं, ह्याची पुष्कळांना धास्ती असते. कोणी रागावत नाही. पलीकडचा समुपदेशक विचारतो, दिवसाला किती, कधीपासून, उठल्यावर किती वेळात पहिली लागते, पूर्वी सोडून बघितली का, तेव्हा काय झालं. मग दोघं मिळून सोडण्याची तारीख ठरवतात. तलफ आली तर काय करायचं ते सांगतात. आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पुढे ठरावीक दिवसांनी तेच आपणहून फोन करतात आणि चौकशी करतात. कोणीतरी आपली आठवण ठेवून विचारणार आहे, ह्या एका विचारानंही माणूस हात आवरतो.

ज्यांना बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी ०११-२२९०१७०१ ह्या नंबरावर नुसता मिस्ड कॉल द्यायची सोय आहे. मग मोबाइलवर संदेश येत राहतात, दिवसादिवसाचा धीर देणारे.

आमच्या ओळखीचं एक जोडपं मीरा रोडला राहतं. नवरा अंधेरीला नोकरीला, दिवसाला बारा-तेरा सिगारेटी. बायकोनं एका रविवारी सकाळी पोहे पुढे ठेवले आणि पाकिटावरचा नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. "अहो, तुम्हीच बोला. मी स्वयंपाकघरात आहे." बोलणं चांगलं वीस मिनिटं चाललं. मधेच फोनवरच्या माणसानं विचारलं, "दादा, घरात आणखी कोणी तंबाखू वापरतं का?" ह्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. बाई ओट्याशी गप्प उभ्या! लग्नानंतर दाढ दुखत होती तेव्हा सासूबाईंनी चिमूटभर मशेरी दिली होती, ती वीस वर्षं सुटली नव्हती. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री एकदा. नवऱ्याच्या सिगारेटवर बोलायचं आणि आपली डबी साबणाच्या मागे ठेवायची, असं चाललेलं. त्या दिवशी काही बोलणं झालं नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी तोच नंबर फिरवला. दोघांची तारीख एकच ठरली. "एकमेकांवर पहारा करायला बरं!" त्या मला हसत म्हणाल्या. पहिला आठवडा घरात कोणाचं कोणाशी धड बोलणं नव्हतं. नवऱ्यांची एकदा कचेरीतल्या पार्टीत घसरगुंडी झाली, पुन्हा फोन झाला, पुन्हा तारीख ठरली. आज दोघंही सुटलेली आहेत.

ही घसरगुंडी लक्षात ठेवा. पहिल्याच झटक्यात कायमची सुटणारी माणसं थोडी. बहुतेकांना दोन-चारदा प्रयत्न करावा लागतो. 'बघितलं, सांगत होते ना मी!' हे वाक्य त्या वेळी गिळून टाकलंत, तर पुढचा प्रयत्न लवकर होतो.

दवाखाना कुठे?

फोननं काम भागलं नाही किंवा समोरासमोर बोलावंसं वाटलं, तर दवाखाना आहे. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, लोक त्याला टेंभा रुग्णालय म्हणूनही ओळखतात. शिवाय महापालिकेची आरोग्य केंद्रं वस्तीवस्तीत आहेत. तिथे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'तंबाखू सोडायची आहे, सल्ला आणि औषध हवं आहे.' ताप-खोकल्याचं सांगून घेतलं तर तापाचंच औषध मिळेल! राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७–०८ मध्ये सुरू झाला. त्याच्याखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडवण्याची केंद्रं चालवली जातात. आपला जिल्हा ठाणे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत.

मोठं ठिकाण म्हणजे परळचं टाटा रुग्णालय. १९४१ साली सुरू झालेलं. देशात २००२ साली तंबाखू सोडवण्याची जी पहिली केंद्रं निघाली, त्यांत हे एक. भाईंदरहून लोकलनं दादर, तिथून गाडी बदलून परळ. किंवा सरळ स्लो गाडीनं प्रभादेवी आणि पुलावरून परळच्या बाजूला. टाटाचं नाव काढलं की छातीत धस्स होतं, मला कळतं. पण दुखणं होण्याच्या आधी त्या पायऱ्या चढलेल्या केव्हाही चांगल्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं तोंड आलेलं, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, तिखट अजिबात न सोसणं ह्यांपैकी काही असेल, तर तारीख ठरण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

निकोटीनचं च्युइंगमही मिळतं. पण ते गोळीसारखं कचाकचा चावायचं नसतं. हळूहळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात ठेवून द्यायचं, चुरचूर थांबली की पुन्हा चावायचं. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी नको, नाहीतर त्याचा गुण येत नाही. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

घरात आपण काय करायचं?

सोडायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. आपण घर त्याच्या बाजूचं करून ठेवायचं, एवढंच.

ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी राखेची बशी, लायटर, काड्यापेटीचा तो एक खास कोपरा, सगळं बाहेर काढा. पडदे, चादरी धुवायला टाका. घराचा वास बदलला की मनालाही बरं पडतं. चहाबरोबर सिगारेट लागत असेल तर काही दिवस चहाची जागा आणि वेळ बदला. गॅलरीतल्या खुर्चीऐवजी स्वयंपाकघरात, नाहीतर चहाऐवजी ताक किंवा लिंबाचं सरबत. स्टेशनवर टपरी ज्या बाजूला आहे ती बाजू सोडून दुसऱ्या जिन्यानं जायला सांगा. ऐकायला पोरकट वाटतं, पण पहिल्या पंधरवड्यात असल्या गोष्टींनीच तरून जायला होतं.

तलफ आली की ती जन्मभर टिकणार असं वाटतं, पण ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. घड्याळ लावून थांबायचं, सावकाश दीर्घ श्वास घ्यायचे, घोट घोट पाणी प्यायचं आणि हाताला दुसरं काम द्यायचं. मटार सोलायला द्या हवं तर!

तोंडाला चाळा म्हणून एक डबी भरून ठेवा. बडीशेप, ओवा, तीळ आणि जवस मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं, गार झाल्यावर एकत्र करून त्यात चिमूटभर सैंधव घालायचं. ज्यांना आवडेल त्यांनी लवंगेचे दोन-चार तुकडे घालावेत. ह्यानं व्यसन सुटतं असा माझा दावा नाही, पण खिशातल्या पाकिटाची जागा ही डबी घेते. सुपारी मात्र घालायची नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा तोंडाच्या कर्करोगाला कारण होते.

वाचलेले पैसे दिसू द्या. रोजचे दीडशे रुपये एका बरणीत टाका. महिन्याअखेरीला ती बरणी सगळ्यांसमोर उघडा.

आणि आपल्यालाही कोणीतरी लागतं, हे विसरू नका. पुण्याला १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. दारू-गर्दच्या मानानं सिगारेट लहान वाटेल, पण बायकोच्या मनावरचं ओझं ओळखीचं असतं. आपल्या मजल्यावर, आपल्या भिशीत अशा दोघी-तिघी निघतीलच. भिशीच्या दिवशी साड्यांचं बोलून झालं की दहा मिनिटं ह्यावरही बोला. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला.

मशेरीवाल्या मैत्रिणींना दोन शब्द वेगळे. आपली गोष्ट मोरीत होते, म्हणून ती कोणी विचारत नाही. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तंबाखू तोंडात धरणाऱ्या गरोदर बायकांची बाळं इतरांपेक्षा सरासरी शंभरएक ग्रॅमनं हलकी भरली. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसलं. घरात सून-लेकीला दिवस गेले असतील, तर ही डबी आधी बाहेर काढा. दात दुखतो म्हणून मशेरी लावायची, तर तो दात दाखवूनच घ्या ना! दुखणं गेलं की सबबही जाईल. सोडायचा फोन तुमच्यासाठीही तोच आहे.

रविवारी उत्तनला

सोडल्यावर पहिला रविवार फार जड जातो. कचेरी नाही, हातात वेळ, आणि जुने सोबती खाली टपरीशी उभे. तेव्हा त्या दिवशी घरात बसूच नका. भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला जा.

मुर्धा, राई, मोर्वा अशी एकेक आगरी गावं लागतात. इमारती विरळ होत जातात, कौलारू घरं, वाड्या, क्रूस दिसू लागतात. उत्तनच्या कोळीवाड्यात शिरलात की नाकानंच कळतं, आता समुद्र आला! वलांडीवर बोंबील सुकत घातलेले, बांबूंच्या ओळीच्या ओळी, खाली मांजरांची आशाळभूत सभा. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. सुके बोंबील, जवळा, सोडे घ्यायचे असतील तर पिशवी घरूनच घेऊन जा. वेलंकनी मातेचं चर्च आहे. तिथे सर्व धर्मांची माणसं नवस बोलायला येतात. पुढे चौकला चढून गेलं की धारावी किल्ल्याची जागा आणि चिमाजी अप्पांचा पुतळा. इथून समुद्र बघत, भरपूर वारा खात बसावं.

चढ चढताना दम लागला तर लागू द्या. शेवटची सिगारेट विझवल्यावर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतो. बारा तासांत रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं आणि फुप्फुसं जास्त काम करू लागतात. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. वर्षभरानं हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या मानानं निम्मा होतो आणि दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा. म्हणजे आज चढताना तीनदा थांबावं लागलं, तर चार महिन्यांनी हाच चढ पुन्हा चढून बघा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

बरणीत पैसे साठले असतील तर पुढच्या खेपेला भाईंदरहून वसईला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. मुलांना बोट, तुम्हाला खाडीचं पाणी आणि पलीकडे वसईचा किल्ला!

आणखी एक काम मात्र येता-जाता करता येण्यासारखं आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू-सिगारेट विकायला कायद्यानं मनाई आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांना विकायला मनाई आहे, आणि महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट-विडी विकायलाही बंदी आहे. मुलाला शाळेत सोडायला जाता ना? मग फाटकापासून टपरीपर्यंतची पावलं एकदा मोजा आणि पालकसभेत मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. दहा आया एकदम बोलल्या की टपरी हलते. नवऱ्यांची सोडवताना किती नाकी नऊ येतात ते आपण बघतोच आहोत, निदान मुलांना तरी ती लागू नये!

तर मैत्रिणींनो, एवढं करा. घरात पाकीट किंवा पुडी सापडली की ती रागानं चुरगाळून फेकू नका. आधी तिच्यावरचा नंबर दुधाच्या कॅलेंडरवर, जिथे गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहिता ना, तिथे ठळक लिहून ठेवा: १८००-११-२३५६. सोमवारी नाही लागणार. मंगळवारी सकाळी आठपासून लावा. पाकीट मग फेका, खुशाल!